जव्हार-मोखाड्याला निघण्यापूर्वी : वाइड लेन्सपुढची काच कशी निवडावी

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)

कॅमेऱ्याविषयी बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो : लेन्सवर संरक्षक फिल्टर लावावा की लावू नये? यात दोन तट आहेत. एक म्हणतो, चाळीस-पन्नास हजारांची लेन्स उघडी कशी ठेवायची? दुसरा म्हणतो, एवढी महागडी लेन्स घ्यायची आणि तिच्यापुढे स्वस्तातली काच लावायची, मग महाग लेन्स घेतली तरी कशाला? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून तर वाद मिटत नाही.

आमचं म्हणणं असं, की प्रश्न इतका मोघम विचारला तर त्याला उत्तरच नाही. कुठे निघालात, कोणत्या दिवसांत निघालात आणि कोणती लेन्स नेताय, हे आधी ठरू द्या. म्हणून आज आपण एकच प्रदेश घेऊ : पालघर जिल्ह्यातले जव्हार आणि मोखाडा हे तालुके. आणि एकच लेन्स : वाइड अँगल. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर १६ ते ३५ मिलिमीटर, किंवा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १० ते २० मिलिमीटर, अशी धरा.

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं मागून बघू. पातळ कडीची, चांगल्या मल्टिकोटिंगची एक साधी पारदर्शक काच घ्या. पाऊस, तुषार आणि धूळ असेल तिथे ती लेन्सवर ठेवा. चित्रात सूर्य, मशाल किंवा उघडा बल्ब येणार असेल तेव्हा ती काढा. खरेदी जितकी महत्त्वाची, तितकंच हे काढणं-घालणं महत्त्वाचं.

यूव्ही फिल्टर : जुन्या काळातलं नाव

दुकानात गेलात की तुमच्या हातात बहुधा 'यूव्ही' लिहिलेला फिल्टर दिला जाईल. हे नाव फिल्मच्या काळातलं. फिल्मला अतिनील किरण दिसायचे आणि डोंगराळ भागात लांबचं दृश्य निळसर, धुरकट यायचं. ते किरण अडवण्यासाठी यूव्ही फिल्टर असायचा. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच हे किरण अडवणारा थर असतो. त्यामुळे आज यूव्ही फिल्टरचं मूळ काम जवळजवळ उरलेलं नाही, तो एक राखणदार म्हणून राहिला आहे.

मग 'यूव्ही' घ्यावा की 'प्रोटेक्टर' किंवा 'क्लिअर' लिहिलेला? ज्याचं कोटिंग चांगलं तो घ्या. दोन्ही सारखेच असतील तर क्लिअर घ्या, कारण काही स्वस्त यूव्ही काचांना किंचित पिवळी झाक असते. पांढऱ्या कागदावर फिल्टर ठेवून वरून बघा, झाक असेल तर लगेच कळते.

वाइड लेन्सचं गणित वेगळं का?

एक साधा आकडा लक्षात ठेवा. १६ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर ठेवली, तर प्रकाश आत जायचं भोक किती मोठं असतं? सोळाला आठाने भागायचं : २ मिलिमीटर. आणि २०० मिलिमीटरची टेली लेन्स एफ/४ वर? ५० मिलिमीटर. या एका फरकातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, थेंब. पावसाचा एक थेंब साधारण २ मिलिमीटरचा धरा. टेलीच्या ५० मिलिमीटरच्या तोंडापुढे तो बसला तर चित्रभर किंचित धुकं येतं, वेगळा डाग दिसत नाही. वाइड लेन्सच्या बाबतीत मात्र तो थेंब एका दिशेने येणारा जवळजवळ सगळा प्रकाश झाकतो. म्हणजे चित्रात तिथे स्पष्ट फुगलेला ठिपका. एफ/१६ वर भोक १ मिलिमीटरचं होतं, मग तर धुळीचा कणही दिसायला लागतो. वाइड लेन्सवरची काच सतत पुसावी लागते ती म्हणूनच.

दुसरी, काचेचा सपाटपणा. टेली लेन्स फिल्टरचा मोठा भाग एकदम वापरते, त्यामुळे काच जराशी वाकडी-तिकडी असली तरी चित्र मऊ पडतं. वाइड लेन्स एका दिशेसाठी काचेचा दोन-चार मिलिमीटरचाच तुकडा वापरते. तेवढ्या तुकड्यात काच किती वाकडी असणार? म्हणून वाइडसाठी फिल्टर घेताना काचेच्या अतिसपाटपणाच्या जाहिरातीला फार भाव देऊ नका. पैसे कोटिंगवर आणि कडीवर खर्च करा.

तिसरी गोष्ट कोनाची. १६ मिलिमीटरच्या लेन्सला पूर्ण फ्रेमवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे १०७ अंश दिसतं. म्हणजे कोपऱ्यातला किरण साडेत्रेपन्न अंशांनी तिरपा येतो. फिल्टरची कडी १ मिलिमीटरने पुढे आली, तर त्या किरणाला वाट द्यायला कडीचं तोंड प्रत्येक बाजूला सुमारे १.३५ मिलिमीटर रुंद हवं. ते नसेल तर चित्राचे कोपरे काळे पडतात. साधी कडी साधारण ५ मिलिमीटर जाड असते, पातळ म्हणून विकली जाणारी तीन-साडेतीन. एवढासा फरक, पण चित्राचे चार कोपरे त्याच्यावर अवलंबून असतात. पातळ कडी घेताना एक बघा : तिला पुढून आटे आहेत ना? काही अगदी पातळ कड्यांना ते नसतात आणि मग लेन्सचं झाकण बसत नाही. प्रवासात झाकण नसणं म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखं.

परावर्तन, म्हणजे चित्रातली भुतं

आता कोटिंगकडे येऊ. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. चांगल्या मल्टिकोटिंगने हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. शिवाय प्रकाश जितका तिरपा, तितकं साध्या काचेचं परावर्तन वाढतं, आणि वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत प्रकाश तिरपाच येतो.

८ टक्के प्रकाश कमी झाला म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते वेगळ्याच कारणाने. दिव्याचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर पडतो, सेन्सरवरून थोडा उलटा फिरतो, लेन्समधून बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. काच सपाट असल्यामुळे तो परत एका बिंदूवर एकवटतो. चित्रात दिवा उजवीकडे वर असेल, तर त्याचं फिकट भूत नेमकं डावीकडे खाली उमटतं, चित्राच्या मध्यबिंदूच्या समोरासमोर. असा समोरासमोरचा ठिपका दिसला की ओळखायचं, बहुतेक करून हे काम फिल्टरचं आहे. दिवसाउजेडी हे भूत लपून जातं. काळ्या पार्श्वभूमीवर एकच झगझगीत दिवा असला की ते बाहेर येतं.

आता जव्हारच्या रस्त्याला लागू

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण जव्हारला 'ठाण्याचं महाबळेश्वर' म्हणणारे अजून भेटतात. मुकणे घराण्याचं हे जुनं संस्थान. मुंबईकडून मनोर किंवा वाडा, मग विक्रमगड करत वर चढता येतं; नाशिककडून त्र्यंबकेश्वर आणि तोरंगणचा घाट उतरून मोखाड्यात; कसाऱ्याकडून विहीगाव, खोडाळा करत. तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी : वाटेत फिल्टर मिळेल या भरवशावर राहू नका. जी काही खरेदी करायची ती मुंबईत, नाशकात किंवा घरबसल्या, आणि निघायच्या निदान आठवडाभर आधी. तो आठवडा कशाला, ते पुढे सांगतो.

या भागात वाइड लेन्सपुढे चार प्रकारची परिस्थिती येते.

पावसाळा. जव्हारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो मुख्यतः चार महिन्यांत. दाभोसाचा धबधबा साधारण ३०० फुटांवरून कोसळतो. त्याच्या समोर उभं राहिलं की पाऊस नसतानाही तुषार येतात. इथे फिल्टर लावाच. वाइड लेन्सचं हूड उथळ असतं, पाकळ्या-पाकळ्यांचं. ते टेलीच्या खोल नळकांड्यासारखं पाणी अडवत नाही. आणखी एक कारण आहे. काही वाइड लेन्सचा पुढचा भिंगगट आत-बाहेर सरकतो. कॅननची १७-४० एफ/४ एल ही तशी लेन्स. तिच्या बाबतीत कंपनीच सांगते, की पाणी आणि धूळ पुरती अडवायची तर पुढे फिल्टर लावा. तुमच्या लेन्सच्या माहितीपत्रकात असं वाक्य आहे का, ते निघण्यापूर्वी एकदा वाचून घ्या.

तुषारांत भोक फार लहान करू नका. धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून आपण एफ/१६ करतो आणि नेमके त्याच वेळी सगळे थेंब चित्रात येतात. त्यापेक्षा एफ/५.६ ते एफ/८ वर राहा आणि शटर मंद करायला संरक्षक फिल्टर काढून त्याच्या जागी पोलरायझर लावा. तो प्रकाश कमी करतो आणि ओल्या खडकांवरची, पानांवरची चकाकीही उतरवतो. एकावर एक दोन फिल्टर मात्र चढवू नका. दोन कड्यांची जाडी मिळून कोपरे गेलेच म्हणून समजा.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यावर पाच तरुण बुडून गेले. वाइड लेन्समध्ये जवळची कडाही लांब दिसते आणि खोल डोहही उथळ वाटतो. काठावरच्या शेवाळाचा अंदाज पडद्यावर बघून येत नाही. पावसाळ्यात प्रशासन अशा जागी जायला बंदी घालतं तेव्हा ती पाळा, आणि बंदी नसली तरी वाट गावातल्या माणसाला विचारूनच धरा. फिल्टर काचेला वाचवतो, आपल्याला नाही.

उन्हाळा आणि धूळ. दिवाळीनंतर रस्ते सुकतात. पाड्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर पुढे जीप असली की मागे धुळीचा पडदा. धुळीत काचेपेक्षा कठीण कणही असतात. ते बसलेले असताना कापडाने पुसलं की ओरखडे उठतात. म्हणून क्रम पाळायचा : आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. फिल्टर असला की निदान चूक झालीच तर ती बदलता येण्याजोग्या काचेवर होते.

संध्याकाळ. हनुमान पॉइंटवरून दरी आणि जयविलास राजवाडा दिसतो, सनसेट पॉइंटवर नावाप्रमाणे सूर्यास्त, आणि मोखाड्यात सूर्यमाळचं पठार. तिन्ही ठिकाणी सूर्य चित्रात असतो. इथे हवा स्वच्छ असेल, धूळ-तुषार नसतील, तर फिल्टर काढा. धोका काहीच नाही आणि मिळकत मोठी आहे.

बोहाडा. हा सगळ्यात अवघड प्रसंग. होळीपासून पुढे उन्हाळ्याच्या दिवसांत या भागातल्या गावांत बोहाड्याचे उत्सव होतात. गावागणिक दिवस वेगळे. रात्रभर देव-दानवांचे मुखवटे घालून सोंगं येतात, संबळ वाजत असतो, पुढे मशाली, आणि आजकाल डोक्यावर उघडे बल्ब किंवा हॅलोजनही. फिल्टरला सगळ्यात वाईट म्हणावी अशी ही प्रकाशव्यवस्था आहे : काळोख, आणि त्यात चार-दोन झगझगीत ठिपके. मुखवट्याच्या रंगवलेल्या गालावर हिरवट भूत उमटलं, तर ते नंतर पुसून काढणं कठीण. आणि ते सोंग काही तुमच्यासाठी पुन्हा नाचायला येणार नाही. पुढच्या वर्षीच्या उत्सवाची वाट बघायची.

म्हणून बोहाड्यात फिल्टर काढा आणि हूड लावा. मशालीचा धूर, तेलकट काजळी येते हे खरं. ती रात्र संपल्यावर लेन्सच्या द्रवाने पुसता येते. ठिणग्या उडत असतील तर मशालीच्या वाऱ्याच्या बाजूला उभे राहू नका, इतकं साधं आहे. हूड धक्क्यासाठी. गर्दीत कोपर लागतंच, आणि धक्क्यापासून वाचवायला पातळ काचेपेक्षा प्लॅस्टिकचं हूड कितीतरी बरं. फिल्टरची काच फुटली तर तिचेच तुकडे लेन्सला ओरबाडू शकतात.

आणि अंतर सांभाळा. २० मिलिमीटरच्या लेन्सने मुखवटा फ्रेमभर हवा असेल तर हातभर अंतरावर जावं लागतं. मुखवट्याच्या भोकांतून नाचणाऱ्याला समोरचं फार थोडं दिसतं. आपण त्याच्या पायात आलो तर पडणारा तो असतो. बोहाडा हा त्या गावाचा देवाचा उत्सव आहे. आधी गावच्या मंडळींना विचारा, कुठे उभं राहायचं ते त्यांना ठरवू द्या.

विकत घेताना

लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आत एक गोल आणि त्याला छेदणारी रेघ, असं चिन्ह असतं. त्याच्या शेजारचा आकडा म्हणजे फिल्टरचा व्यास : ६७, ७२, ७७, ८२ असे. तोच आकडा घ्या. दोन लेन्स असतील तर मोठ्या व्यासाचा एक चांगला फिल्टर आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग, असंही चालतं. मात्र मग लहान लेन्सचं हूड बसत नाही, हे लक्षात ठेवा.

कोटिंग ओळखायची सोपी रीत : दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फिल्टर तिरपा धरा. साध्या काचेत ट्यूबचं पांढरं शुभ्र प्रतिबिंब दिसेल, आरशासारखं. चांगल्या मल्टिकोटिंगमध्ये ते मंद, हिरवट किंवा जांभळट दिसतं. पाणी न धरणारा वरचा थर असेल तर पावसाळ्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. अशा काचेवर थेंब पसरत नाहीत, गोळा होतात आणि ब्लोअरच्या फुंकरीने उडून जातात.

१४ मिलिमीटरच्या आसपासच्या काही लेन्सची पुढची काच फुगीर असते आणि तिला आटेच नसतात. निकॉनची १४-२४ एफ/२.८, २००७ साली आलेली, हे प्रसिद्ध उदाहरण. अशांना स्क्रूचा फिल्टर नाही. त्यांचं संरक्षण म्हणजे अंगचंच हूड, झाकण आणि छत्री धरणारा मित्र.

निघण्यापूर्वीचा आठवडा

फिल्टर आला की घरी चार गोष्टी करा.

एक, कोपरे तपासा. लेन्स सगळ्यात रुंद, फोकस अनंतावर, भोक लहान. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. लेन्सची स्वतःची काळोखी भोक लहान केल्यावर कमी होते. कडीची सावली उलट जास्त रेखीव होते. फरक लगेच दिसतो.

दोन, भुतं तपासा. रात्री रस्त्यावरचा दिवा फ्रेमच्या कोपऱ्यात घ्या. समोरच्या कोपऱ्यात काय उमटतं ते मोठं करून बघा.

तीन, स्वच्छ पाण्याचे तुषार फिल्टरवर मारा आणि एफ/४, एफ/८, एफ/१६ वर तोच फोटो काढा. मघाचं दोन मिलिमीटरचं गणित डोळ्यांनी दिसेल.

चार, अंधारात फिल्टर काढायचा आणि डबीत ठेवायचा सराव करा. बोहाड्यात कोणी टॉर्च धरून उभं राहणार नाही. कडी घट्ट पिळून बसवू नका; बोटांनी हलकी टेकली की पुरे.

श्रोत्यांचे प्रश्न

*फिल्टर अडकून बसला तर?*
जोर लावू नका. दाबून धरलं की कडी लंबगोल होते आणि आटे आणखी अडकतात. कडीभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि सगळीकडून सारख्या, हलक्या हाताने फिरवा. बॅगेत एक रबरबँड असू द्या.

*पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, ती फिल्टरने थांबते का?*
नाही. बुरशी दमटपणामुळे लागते. उलट फिल्टर आणि लेन्स यांच्यामध्ये वाफ अडकली तर तिथे ओल टिकून राहते. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या. घरी परतल्यावर फिल्टर काढून दोन्ही कोरडे करा आणि सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

*मोबाइलच्या वाइड लेन्सवर चिकटवायच्या काचा मिळतात, त्या लावाव्यात का?*
मोबाइलच्या लेन्सपुढे कंपनीने एक सपाट काच आधीच बसवलेली असते. तिच्यावर दुसरी चिकटवली की भुतांची सोय दुप्पट. रोजच्या वापरात हवी असेल तर ठेवा, पण रात्रीच्या उत्सवासाठी ती नको. त्यापेक्षा बोटांचे डाग पुसा, फरक त्यानेच पडेल.

*आमच्याकडे १८-५५ची किट लेन्स आहे. हे सगळं तिलाही लागू?*
थेंब, धूळ आणि भुतं यांचं सगळं लागू. कडीची काळजी कमी. लहान सेन्सरवर १८ मिलिमीटरचा कोन ७५ अंशांच्या आसपास असतो, साधी कडीसुद्धा बहुधा चालून जाते. भारी फिल्टर घेण्याआधी त्याची किंमत लेन्सच्या किमतीशी ताडून बघा. काही वेळा एक हूड आणि एक मोठा रुमाल पुरतो, आणि उरलेल्या पैशांत खोडाळ्यापर्यंतचा प्रवास होतो.

आज इथेच थांबू. घरी केलेल्या चाचण्यांचे फोटो पुढच्या व्याख्यानाला जरूर घेऊन या. कोपरे आणि भुतं आपण मिळून मोठ्या पडद्यावर बघू.